कायद्याच्या जर्नलचा विषय-कल अभ्यास: आधी वर्गवारी, मग मोजणी

एखादे जर्नल निवडायचे, वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी उतरवून घ्यायच्या, व्हॉसव्ह्यूअर या शब्दांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून रंगीत नकाशा काढायचा आणि तो 'प्रमुख संशोधन विषय' म्हणून चौथ्या प्रकरणात डकवायचा. ग्रंथालयशास्त्राच्या आणि एलएलएमच्या लघुशोधप्रबंधांत हे सर्रास चालते. रसायनशास्त्राच्या जर्नलला ही पद्धत कशीबशी चालून जाते, कारण तिथली बहुतेक नोंद म्हणजे एक संशोधन-लेख असतो. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जर्नलात मात्र पुस्तक परीक्षणे, निकालांवरील टिपणे, सरकारी भूमिकांचे संकलन, संपादकीय टिप्पणी, जुन्या काळात तर करारांचे अख्खे मसुदे असे सगळे एकाच छपराखाली येते. ते वेगळे न करता काढलेला कल हा जर्नलचा कल नसतो, अनुक्रमणिकेचा असतो.

उदाहरण म्हणून मी 'अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ' (एजेआयएल) घेतो. १९०७ पासून ते त्रैमासिक म्हणून निघते आहे, अमेरिकन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ ते चालवते आणि आता छापते केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस. हाच क्रम १९६० पासूनच्या 'इंडियन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ'ला किंवा १९९० पासूनच्या 'युरोपियन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ'लाही लागू पडतो, फक्त विभागांची नावे बदलतील.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"जर्नलमधील प्रवाहांचा अभ्यास" हा प्रश्न नाही, ते शीर्षक आहे. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोणता मजकूर, कोणता कालखंड, काय मोजणार, कशाशी तुलना करणार. उदाहरणार्थ: "१९९१ ते २०२० या काळात मुख्य लेखांमध्ये बळाच्या वापरावरील लेखांचा वाटा दर पाच वर्षांनी कसा बदलला?" हे वाक्य मार्गदर्शकांकडून मान्य करून घ्या आणि तारीख टाकून ठेवा.

कालखंडाच्या सीमाही आत्ताच ठरवा. आकडे पाहून मग "२००१ नंतर बदल झाला" असे टप्पे पाडणे म्हणजे उत्तर पाहून गणित मांडणे. १९४५, १९९०, २००१ असे टप्पे घ्यायचे असतील तर का, ते आधी लिहा. तसे कारण देता येत नसेल तर सरळ पाच-पाच वर्षांचे गट करा.

तपासा: शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) त्याच जर्नलवर आधी काम झाले आहे का ते बघा. झाले असेल तर विषय सोडायची गरज नाही, पण त्यांनी कोणता मजकूर मोजला ते समजून घ्या. बहुतेकदा ते लिहिलेलेच नसते.

२. संगणक उघडण्याआधी अंक चाळा

प्रत्येक दशकातला एक अंक, छापील किंवा पीडीएफ, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढच्या निम्म्या चुका इथेच रुजतात.

पाहायचे काय? विभागांची नावे आणि ती कधी बदलली. या जर्नलमध्ये जुन्या अंकांत 'ज्युडिशियल डिसिजन्स' विभाग आहे, नंतर तो 'इंटरनॅशनल डिसिजन्स' म्हणून दिसतो. अमेरिकी सरकारच्या आंतरराष्ट्रीय कायदेविषयक भूमिकांचे संकलन करणारा वेगळा विभाग आहे. अधूनमधून 'आगोरा' नावाने एकाच प्रश्नावर अनेकांची टिपणे एकत्र येतात. सुरुवातीच्या काळात करार आणि अधिकृत दस्तऐवजांची स्वतंत्र पुरवणी निघत असे, आणि 'हार्वर्ड रिसर्च' या अभ्यासगटाचे करारकायद्याविषयीचे मसुदे १९३५ साली त्या पुरवणीतच आले. २०१४ पासून 'एजेआयएल अनबाउंड' ही ऑनलाइन भावंड-पत्रिका आहे. तिचा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक) वेगळा आणि लेखांचा पल्लाही वेगळा, छोटा.

सगळे एका पानावर लिहून काढा: विभागाचे नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आत काय असते. पुढे हेच पान तुम्हाला वाचवणार आहे.

सावध: त्याच संस्थेच्या वार्षिक अधिवेशनाचे इतिवृत्तही छापले जाते. संस्थेच्या नावाने शोध घेतला की ते इतिवृत्त आणि जर्नल एकत्र येतात. शोध नेहमी आयएसएसएनने घ्या. छापील आवृत्तीचा ०००२-९३०० आणि ऑनलाइनचा २१६१-७९५३.

३. नोंदी कुठून घ्यायच्या

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सशुल्क डेटाबेसांत नोंदींचा दर्जा चांगला, पण जर्नलची व्याप्ती कोणत्या वर्षापासून आहे ते त्यांच्या स्रोतसूचीत स्वतः बघा. जर्नल १९०७ पासून आहे म्हणून नोंदीही तिथपासून असतील असे धरू नका. मधली वर्षे गळालेली असण्याचीही शक्यता असते. वेब ऑफ सायन्समधून संदर्भांसह पूर्ण नोंदी एका वेळी पाचशेच उतरतात. म्हणून तुकड्यांना क्रमांक द्या, नाहीतर एखादा तुकडा दोनदा येतो आणि एखादा राहतो.

महाविद्यालयाकडे यांपैकी काही नसेल तर क्रॉसरेफ आणि ओपनअॅलेक्स हे डेटाबेस मोफत आहेत. आयएसएसएन दिला की जर्नलच्या नोंदी मिळतात. मात्र क्रॉसरेफमध्ये जवळजवळ सगळ्याच नोंदींवर 'जर्नल-आर्टिकल' असा एकच शिक्का असतो. परीक्षणही लेख, मुखपृष्ठही लेख. जुन्या नोंदींना लेखकाची संस्था नसते, सारांश नसतो.

जेस्टोर आणि हाइनऑनलाइन ही जर्नलांची संग्रहस्थळे पूर्ण मजकूर पाहण्यासाठी ठेवा. स्क्रिप्ट लावून घाऊक पीडीएफ उतरवू नका. नियमांत ते बसत नाही आणि तुमच्यामुळे अख्ख्या महाविद्यालयाचा प्रवेश बंद होऊ शकतो. सरकारी संस्थेत असाल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी जर्नल-वर्गणी योजनेखाली काय उघडते ते ग्रंथपालांना विचारा. खासगी संस्थेत असाल तरीही विचारा. ग्रंथपालांना जेवढे माहीत असते तेवढे आपण त्यांना विचारत नाही.

उतरवलेल्या मूळ फाइलला कधीही हात लावू नका. तिची प्रत काढा, नावात तारीख घाला आणि काम प्रतीवरच करा. कोणता शोध, कोणत्या तारखेला, किती नोंदी आल्या, हे त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर-फाइलमध्ये टिपून ठेवा.

४. साफसफाई

सीएसव्ही फाइल एक्सेलवर दोनदा टिचकी मारून उघडू नका. पाने '३-१२' असतील तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते, आणि जर्मन-फ्रेंच नावांतल्या अक्षरांचा बोजवारा उडतो. 'डेटा' मेन्यूतून आयात करा, यूटीएफ-८ निवडा आणि पानांचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

मग या क्रमाने:

अ) मुखपृष्ठ, मलपृष्ठ, सूची काढा. केंब्रिजकडच्या नोंदींत "एजेआय व्हॉल्यूम अमुक इश्यू तमुक कव्हर अँड फ्रंट मॅटर" अशा शीर्षकाच्या ओळी असतात. 'मॅटर' शब्दावर गाळणी लावली की बहुतेक सापडतात.

आ) दुबार नोंदी काढा. फक्त डीओआयवर (लेखाच्या कायम ओळख-क्रमांकावर) विसंबू नका. या जर्नलच्या जुन्या लेखांचे डीओआय १०.२३०७ ने सुरू होतात, मधल्या काहींचे १०.५३०५ ने, अलीकडचे १०.१०१७ ने. जर्नलचे ऑनलाइन घर बदलत गेल्याची ही खूण आहे. शीर्षक, खंड आणि पहिले पान हे तिन्ही जुळवून पाहा.

इ) वर्ष तपासा. पहिला खंड १९०७ चा, म्हणून खंड क्रमांकात १९०६ मिळवले की वर्ष यायला हवे. ५६ वा खंड १९६२ चा, ११८ वा २०२४ चा. हे सूत्र एका रकान्यात लावा. जिथे फरक दिसेल ती ओळ पिवळी करा. अलीकडच्या नोंदींत फरकाचे कारण बहुधा 'आधी ऑनलाइन, मग अंकात' हे असते. ऑनलाइन तारीख घ्यायची की अंकाची, ते एकदाच ठरवा. मी अंकाची घेतो, कारण १९०७ पासून तीच एक सलग मिळते.

तपासा: कोणतेही तीन अंक निवडा, त्यांची छापील अनुक्रमणिका समोर ठेवा आणि ओळ-ओळ जुळवा. एक जरी लेख कमी निघाला तरी थांबा आणि कारण शोधा.

५. प्रत्येक नोंदीचा प्रकार ठरवा

सगळा अभ्यास या पायरीवर उभा आहे. शीटमध्ये 'प्रकार' नावाचा रकाना घाला आणि प्रत्येक ओळीला एकच प्रकार द्या: मुख्य लेख, संपादकीय टिप्पणी, आगोरातील टिपण, निकालावरील टिपण, सरकारी व्यवहाराचे संकलन, पुस्तक परीक्षण, दस्तऐवज, इतर. यासाठी दुसऱ्या पायरीतले पान समोर ठेवा.

परीक्षणे ओळखायची सोपी खूण म्हणजे शीर्षकात पुस्तकाचे नाव, 'बाय' आणि लेखक, प्रकाशनस्थळ आणि पृष्ठसंख्या सलग आलेली असते. ही वेगळी केली नाहीत तर दोन अपघात होतात. एक, विषयाच्या मोजणीत दुसऱ्यांच्या पुस्तकांची शीर्षके शिरतात. दोन, काही नोंदींत पुस्तकाचा लेखक आणि परीक्षक यांची अदलाबदल झालेली असते, आणि ज्या माणसाने या जर्नलात एक ओळही लिहिलेली नाही तो तुमच्या लेखकसूचीत येऊन बसतो.

निकालांचे तसेच. पोर्तुगालने भारताविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलेला दादरा आणि नगर हवेलीच्या मार्गहक्काचा खटला घ्या. निकाल १२ एप्रिल १९६० चा. अशा निकालाची नोंद 'राइट ऑफ पॅसेज ओव्हर इंडियन टेरिटरी' या नावाने येते. शब्दमोजणी तिला भारतविषयक संशोधन म्हणून धरते. प्रत्यक्षात न्यायालयापुढे काय आले याचा तो वृत्तान्त असतो. संशोधकांनी कोणता विषय निवडला हे त्यावरून कळत नाही.

सावध: 'सर्वाधिक लेखन करणारे लेखक' हा तक्ता प्रकार न पाहता केला तर वरच्या जागा हमखास सरकारी व्यवहाराचा विभाग सांभाळणाऱ्यांकडे जातात. दर अंकाला त्यांच्या नावावर अनेक छोट्या नोंदी पडतात. त्यांच्या कामाचे मोल आहेच, पण त्याला लोट्काचा नियम (थोडे लेखक खूप लिहितात, बहुतेक एकदाच, असे सांगणारा) लावणे व्यर्थ आहे.

६. विषयांची यादी आणि संकेतपुस्तिका

जुन्या लेखांना लेखकांनी दिलेले कीवर्ड नाहीत. म्हणजे हाती उरते शीर्षक, आणि कायद्याचे लेखक शीर्षकात विषय सांगतीलच असे नाही. १९६२ च्या ५६ व्या खंडात क्विन्सी राइट यांचा 'द गोवा इन्सिडंट' हा लेख आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोव्यात केलेली लष्करी कारवाई संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बसते का, हा त्याचा गाभा. शीर्षकात 'बळ' नाही, 'सनद' नाही, 'वसाहत' नाही. सॉफ्टवेअरला 'गोवा' शब्द पाच वेळा सापडला नाही की तो लेख नकाशावरून नाहीसा. माणसाने पहिली दोन पाने वाचली तर मुख्य विषय 'बळाचा वापर' आणि दुय्यम विषय 'वसाहतवाद व स्वयंनिर्णय' हे दहा मिनिटांत ठरते.

म्हणून बारा ते पंधरा विषयांची यादी करा. माझी अशी असते: बळाचा वापर, सशस्त्र संघर्षाचा कायदा, करार, सागरी कायदा, मानवी हक्क, आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा, व्यापार, गुंतवणूक, पर्यावरण व हवामान, आंतरराष्ट्रीय संघटना, न्यायालये व वादनिवारण, अधिकारक्षेत्र व राज्यांना (म्हणजे देशांना) परकीय न्यायालयांपासून मिळणारे संरक्षण, वसाहतवाद व स्वयंनिर्णय, सिद्धान्त व इतिहास. 'इतर' ठेवा, पण त्यात दहातली एक नोंद जायला लागली तर यादी अपुरी आहे असे समजा.

प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी लिहा: काय येते, काय येत नाही, एक नमुना लेख. हीच तुमची संकेतपुस्तिका. प्रत्येक लेखाला एक मुख्य विषय सक्तीचा, एक दुय्यम ऐच्छिक. तीन-चार विषय लावायची मुभा दिली की सगळेच लेख 'मानवी हक्क' होतात.

आता खरी मेख. शब्द बदलतात, विषय तोच राहतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात 'तटस्थता' आणि 'युद्ध' या शब्दांखाली जे लिहिले जाई, त्यातले बरेच पुढे 'सशस्त्र संघर्ष' आणि 'बळाचा वापर' या नावांखाली आले. परकीयांच्या मालमत्तेला झालेली हानी आणि राज्याची जबाबदारी या मथळ्याखालचे वाद आज गुंतवणूक लवादात दिसतात. 'प्रदूषण' मागे पडून 'हवामान' आले. शब्दमोजणीत हे सगळे 'जुना विषय संपला, नवा उगवला' असे दिसते. संकेतपुस्तिकेत प्रत्येक विषयाखाली जुने-नवे शब्द शेजारी-शेजारी लिहिले तरच ही फसगत टळते. उलटही घडते: तोच शब्द राहतो आणि आशय बदलतो. 'हस्तक्षेप' हा शब्द १९१० मध्ये आणि १९९९ मध्ये, कोसोव्होच्या वेळी, एकाच अर्थाने आलेला नाही.

७. दोघांनी वेगवेगळी वर्गवारी करा

एकट्याने केलेली वर्गवारी व्हायव्हात टिकत नाही. शंभर लेख यादृच्छिक निवडा, सहाध्यायीला संकेतपुस्तिका द्या आणि दोघांनी न बोलता विषय लावा. मग कोहेनचा कापा (kappa), म्हणजे योगायोग वजा करून एकमत मोजणारा आकडा, काढा. मानू की ऐंशी लेखांवर एकमत झाले, म्हणजे ०.८०. नुसत्या योगायोगाने होणारे एकमत ०.५० निघाले. तर कापा = (०.८० – ०.५०) ÷ (१ – ०.५०) = ०.६०. ऐंशी टक्के ऐकायला भारी वाटते, पण ०.६० हा काठावरचा आकडा आहे.

कमी आला तर वाद कोणत्या विषयांत झाला ते पाहा. बहुधा 'न्यायालये' विरुद्ध त्या खटल्याचा मूळ विषय, असेच भांडण असते. कुलभूषण जाधव प्रकरणावरचा लेख न्यायालयांत टाकायचा की दूतावास-संपर्काच्या हक्कात? नियम करा: लेखाचा युक्तिवाद न्यायालयाच्या अधिकाराबद्दल असेल तरच 'न्यायालये'. नियम पुस्तिकेत घाला, नवे शंभर लेख घ्या, पुन्हा मोजा. तेच जुने शंभर पुन्हा घेऊ नका. ते आता पाठ झालेले असतात.

८. लेखक, देश, स्त्री-पुरुष

नावे एकत्र करायला ओपनरिफाइन हे डेटा साफ करणारे साधन वापरा, पण प्रत्येक जोडी डोळ्यांखालून घाला. 'राइट, क्यू.' आणि 'राइट, एच.' ही दोन वेगळी माणसे आहेत. 'राव', 'सिंह', 'पाटील, एस.' यांच्याबाबत तर बोलायलाच नको.

देश म्हणजे लेखनावेळच्या संस्थेचा देश. लेखकाचे राष्ट्रीयत्व नव्हे. न्यूयॉर्कमध्ये शिकवणाऱ्या भारतीयाचा लेख अमेरिकेच्याच खात्यात जातो, आणि तक्त्याच्या मथळ्यात तसे लिहायलाच हवे. जुन्या लेखांत नावाखाली फक्त 'ऑफ द बोर्ड ऑफ एडिटर्स' एवढेच छापलेले असते. तिथे संस्था अंदाजाने भरू नका, 'नोंद नाही' लिहा.

नावावरून स्त्री-पुरुष ओळखणारी साधने भारतीय नावांवर आपटतात. किरण, सुमन, ज्योती यांचे काय करणार? आद्याक्षरे असतील तर काहीच कळत नाही. 'अनिश्चित' हा तिसरा गट ठेवा आणि त्याचा आकडा छापा.

९. मोजणी

वर्षागणिक लेखांची संख्या देऊ नका, वाटा द्या. अंक जाडजूड झाला की सगळेच विषय 'वाढतात'. त्या कालखंडातील एकूण मुख्य लेख हा छेद. वर्षाला मुख्य लेख मोजकेच असतात, म्हणून एका वर्षाच्या चढउतारावर काही बोलू नका. पाच वर्षांचे गट किंवा तीन वर्षांची सरकती सरासरी घ्या.

आगोरा आणि विशेषांक यांचा उंचवटा वेगळा दाखवा. २००३ च्या ९७ व्या खंडात इराक युद्धावर आगोरा आहे. तो धरून एक आलेख, वगळून दुसरा. दोन्हींत कल सारखा दिसला तर विधान करा.

घटना आणि लेख यांत अंतर असते, तेही विसरू नका. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर मोठा हल्ला केला; त्यावरची ऑनलाइन टिपणे लगेच येतात, परीक्षणातून गेलेला मुख्य लेख उशिरा. शेवटच्या एक-दोन वर्षांतली 'घसरण' पुष्कळदा निव्वळ हेच अंतर असते.

१०. नकाशा, तोही आता

व्हॉसव्ह्यूअर किंवा बिब्लिओशायनी आत्ता उघडा, आणि फक्त 'मुख्य लेख' असलेली फाइल द्या. 'इंटरनॅशनल लॉ', 'स्टेट', 'केस' असे सगळीकडे येणारे शब्द काढा. समानार्थी शब्दांसाठी थिसॉरस फाइल बनवा. संकेतपुस्तिकेतल्या जुन्या-नव्या शब्दांच्या जोड्या इथे उपयोगी पडतात. शब्द किमान किती वेळा यायला हवा अशी अट ठेवली, किती शब्द उरले, हे नकाशाखालीच छापा.

रंगीत पुंजक्याला नाव देण्याआधी त्यातले निदान पाच लेख उघडा. नकाशा आणि हाताने केलेली वर्गवारी जुळत नसेल तर वर्गवारीवर विश्वास ठेवा.

११. संदर्भसंख्या

कायद्यात संदर्भ तळटिपांत असतात, 'आयबिड' (तेथेच) आणि 'सुप्रा' (वर दिल्याप्रमाणे) अशा शब्दांनी भरलेले. डेटाबेसला ते नीट वाचता येत नाहीत. अमेरिकी विधी महाविद्यालयांची विद्यार्थी-संपादित नियतकालिके स्कोपसमध्ये बऱ्याच अंशी नाहीत, आणि न्यायनिर्णयांतले उल्लेख त्यात मोजले जात नाहीत. संदर्भसंख्या द्यायचीच असेल तर प्रत्येक लेखाला प्रकाशनानंतरची पहिली पाच वर्षे एवढीच मुदत द्या. १९९५ आणि २०२१ च्या लेखांची एकूण संख्या शेजारी ठेवू नका.

१२. लिहिताना

पद्धतीच्या प्रकरणात एक तक्ता हवाच: मूळ नोंदी किती, मुखपृष्ठे वजा, दुबार वजा, परीक्षणे वजा, निकाल वजा, उरलेले मुख्य लेख किती. परीक्षक पहिल्यांदा हाच पाहतात.

संकेतपुस्तिका आणि वर्गवारीची शीट परिशिष्टात द्या. लेखांचे पीडीएफ जोडू नका, त्यांचे हक्क दुसऱ्याचे आहेत. पद्धतीचे परिच्छेद जुन्या प्रबंधातून उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, आणि या प्रकारच्या प्रबंधांत नेमके पद्धतीचेच प्रकरण पकडले जाते.

पुढे लेख म्हणून पाठवणार असाल तर यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली आहे, हे ध्यानात ठेवा. 'केअर-मान्य' अशी जाहिरात करणाऱ्या जर्नलचा आयएसएसएन, संपादक मंडळ आणि मागचे दोन अंक स्वतः तपासून मगच पाठवा.